मँचेस्टर युनायटेडची ६ फेब्रुवारी: ते विमान का उडालं नाही?

ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. तबकडीच्या वर '६ फेब्रुवारी १९५८' आणि खाली 'म्युनिक' असं लिहिलेलं. घड्याळ बंद पाडून ठेवलेलं नाही. ते चालू आहे आणि वेळ बरोबर दाखवतं. दरवर्षी ६ फेब्रुवारीला दुपारी त्याच्याखाली माणसं जमतात. थंडी असते, बहुतेक वेळा भुरभुर पाऊसही असतो. ३ वाजून ४ मिनिटांनी सगळे गप्प होतात.

जुन्या क्लबांच्या अशा तारखा ठरलेल्या असतात. मोहन बागानवाल्यांना २९ जुलै कुणी समजावून सांगावी लागत नाही. १९११ साली त्या दिवशी त्यांच्या संघाने इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. युनायटेडच्या खात्यातही युरोपचं विजेतेपद मिळाल्याच्या आनंदाच्या तारखा आहेत, २९ मे १९६८ आहे, २६ मे १९९९ आहे. तरी क्लबच्या वर्षातला सगळ्यात जड दिवस ६ फेब्रुवारीच. त्या दिवशी म्युनिकच्या विमानतळावर त्यांचं विमान धावपट्टी सोडून पुढे घुसलं. विमानात ४४ जण होते, त्यांतले २३ गेले.

हे बहुतेक फुटबॉलप्रेमींना माहीत असतं. पण विमान का कोसळलं असं विचारलं, की 'खराब हवामान', 'पंखांवर बर्फ', 'पायलटची चूक' अशी उत्तरं येतात. मीही कित्येक वर्षं तेच धरून चाललो होतो. खरं कारण वेगळं होतं. ते शोधून कागदावर यायला ११ वर्षं लागली आणि त्या ११ वर्षांत एका माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. म्हणून या तारखेची गोष्ट फुटबॉलपासून सुरू करून धावपट्टीपर्यंत नेतो.

बेलग्रेडहून परत येताना

मॅट बस्बी हे युनायटेडचे मॅनेजर. तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी पंधरा-सोळा वर्षांची पोरं हेरायची, क्लबमध्येच वाढवायची, ही त्यांची रीत. वर्तमानपत्रांनी त्या संघाला 'बस्बी बेब्स' नाव दिलं. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी इंग्लंडची लीग जिंकली, तेव्हा संघाचं सरासरी वय बावीसच्या आसपास होतं. त्यात डंकन एडवर्ड्स होता. अठराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला आणि एकविसाव्या वर्षापर्यंत देशासाठी १८ सामने त्याच्या नावावर होते. त्याला पाहिलेली म्हातारी माणसं अजून सांगतात, की तो कुठल्याही जागेवर खेळला तरी त्या जागेचा सर्वोत्तम खेळाडू वाटायचा.

युरोपियन कप ही स्पर्धा तेव्हा अगदी नवी होती. आजच्या चॅम्पियन्स लीगचंच ते जुनं रूप. इंग्लंडच्या लीगच्या कारभाऱ्यांना हे परदेशी प्रकरण मुळीच आवडत नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी चेल्सीला भाग घेऊ दिला नाही. पुढच्या वर्षी बस्बींनी त्यांचा विरोध पत्करून संघ उतरवला. सवलत मात्र काही मिळाली नाही. बुधवारी युरोपात कुठेही खेळा, शनिवारच्या लीग सामन्याला वेळेत हजर पाहिजे.

डिसेंबर १९५७ मध्ये प्राग शहरात डुक्ला संघाशी खेळून येताना इंग्लंडवर धुकं होतं आणि विमानं बंद होती. संघ आगगाडी आणि बोट करत कसाबसा घरी पोहोचला. थकलेल्या पायांनी शनिवारी बर्मिंगहॅमशी ३-३ अशी बरोबरी झाली. पुन्हा अशी परवड नको म्हणून पुढच्या फेरीला क्लबने खास विमान भाड्याने घेतलं. अपघात झाला तो याच विमानाला. बस्बींच्या मनाला ही गोष्ट आयुष्यभर लागून राहिली असेल, असं मला वाटतं.

१ फेब्रुवारी १९५८, शनिवार. लंडनमध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ५-४ ने हरवलं. ५ फेब्रुवारी, बुधवार. बेलग्रेडमध्ये रेड स्टारविरुद्ध मध्यंतरालाच ३-० आघाडी, त्यातले दोन गोल वीस वर्षांच्या बॉबी चार्ल्टनचे. उत्तरार्धात रेड स्टारने तिन्ही गोल फेडले आणि सामना ३-३ सुटला. घरचा सामना २-१ जिंकलेला असल्याने दोन्ही मिळून ५-४. उपांत्य फेरी पक्की झाली. शनिवारी वुल्व्हरहॅम्प्टनशी सामना होता, लीगमध्ये तेव्हा त्यांनाच गाठायचं होतं.

गुरुवारी सकाळी बेलग्रेडला निघायला उशीर झाला, कारण जॉनी बेरीचा पासपोर्ट सापडेना. विमान होतं एअरस्पीड अँबॅसडर, दोन पंख्यांचं. बेलग्रेड ते मँचेस्टर एका दमात जाण्याइतकं इंधन त्यात मावत नसे, म्हणून वाटेत म्युनिकला थांबायचं ठरलेलं होतं. म्युनिकला बर्फ पडत होता.

तीन प्रयत्न

विमानाचा प्रमुख होता कॅप्टन जेम्स थेन. परतीच्या प्रवासात प्रत्यक्ष विमान चालवत होता त्याचा सहकारी कॅप्टन केनेथ रेमेंट, महायुद्धात लढाऊ विमानं उडवलेला कसलेला माणूस. तो डाव्या खुर्चीवर, थेन उजव्या. ही खुर्चीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

पहिल्या प्रयत्नात विमान धावपट्टीवर पळू लागलं आणि इंजिनाचा आवाज बिघडला. दाबाचा काटा वरखाली नाचू लागला. या जातीच्या इंजिनात, विशेषतः समुद्रसपाटीपासून उंचावरच्या विमानतळांवर, हे व्हायचं. तिथे हवा जरा विरळ, त्यामुळे इंधनाचं मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं आणि इंजिन उसळ्या मारतं. रेमेंटने विमान थांबवलं. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झालं. प्रवाशांना उतरवून परत लाउंजमध्ये नेलं.

आज काही आपण जात नाही, असं बहुतेकांना वाटलं. एडवर्ड्सने मँचेस्टरला आपल्या घरमालकिणीला तार केली: उड्डाणं रद्द, उद्या येतो. ती तार पोहोचली तेव्हा अपघात होऊन गेला होता.

तिकडे इंजिनीअरशी बोलणं झालं. यावर तोडगा असा होता, की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) एकदम न उघडता हळूहळू पुढे सरकवायचा. मग इंजिन उसळ्या मारत नाही. अडचण एकच, विमान वेग घ्यायला जास्त अंतर खातं. धावपट्टी जवळजवळ दोन किलोमीटर होती, त्यामुळे तेवढं चालून जाईल असा हिशेब होता आणि कागदावर तो बरोबरही होता. पंधरा मिनिटांत प्रवाशांना पुन्हा बोलावलं. काही जण मागे जाऊन बसले, मागची जागा सुरक्षित म्हणून. चार्ल्टन आणि डेनिस व्हायोलेट यांनी टॉमी टेलर आणि डेव्हिड पेग यांच्याशी जागा बदलल्या. चार्ल्टन आणि व्हायोलेट वाचले. टेलर आणि पेग गेले.

कंट्रोल टॉवरने कळवलं होतं, की ३ वाजून ४ मिनिटांपर्यंत निघाला नाहीत तर ही परवानगी संपेल. विमान ३ वाजून ३ मिनिटांनी पळू लागलं.

इथे विमानाच्या दोन वेगांची ओळख करून घ्यायला हवी. पहिला 'व्ही-वन'. हा वेग गाठेपर्यंत वैमानिक विचार बदलून ब्रेक मारू शकतो. तो ओलांडला, की उरलेल्या धावपट्टीत विमान थांबणार नाही, उडायलाच हवं. दुसरा 'व्ही-टू'. या वेगाला विमान सुरक्षितपणे हवेत चढू शकतं. त्या दिवशीच्या वजनाला व्ही-वन होता ११७ नॉट, म्हणजे ताशी साधारण २१७ किलोमीटर. व्ही-टू ११९ नॉट. दोहोंत फरक केवळ दोन नॉटचा.

थेन काट्यावर नजर ठेवून वेग मोठ्याने सांगत होता. इंजिनं या वेळी व्यवस्थित चालत होती. ११७ आला. त्याने 'व्ही-वन' अशी हाक दिली. आता पुढचा शब्द 'व्ही-टू' यायचा. काटा ११७ वर थरथरला. मग ११२ वर आला, मग १०५ वर. पुढे धावपट्टी संपत आली होती. आपल्याला जमत नाही, असं रेमेंट ओरडला. कुंपण तोडून, रस्ता ओलांडून विमानाचा डावा पंख एका घरावर आदळला. घरातलं कुटुंब वाचलं. विमानाचा मागचा भाग लाकडी शेडवर जाऊन पडला, तिथे इंधन असलेला ट्रक होता, त्याचा स्फोट झाला.

इंजिनं पूर्ण ताकदीने चालू आहेत, ब्रेक लावलेला नाही, तरी ताशी २१७ किलोमीटरने पळणारं विमान आपोआप हळू होतं. हे कसं?

गोळ्याच्या ग्लासात उरतं ते

गोळेवाल्याकडे ग्लासातला गोळा खाताना शेवटी तळाला जे उरतं ते आठवा. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. धड ओतता येत नाही, धड चावता येत नाही. धावपट्टीवर पडलेला बर्फ वितळायला लागला की तिथेही हेच तयार होतं. वैमानिक त्याला स्लश म्हणतात. कोरडा बर्फ भुसभुशीत असतो, चाकाखाली दबतो, उडून जातो. पाणी पातळ असतं, बाजूला होतं. स्लश मात्र जवळजवळ पाण्याइतका जड, पण पाण्यासारखा झटकन बाजूला न होणारा.

पावसाळ्यात रस्त्यावर घोटाभर पाणी साचलेलं असताना स्कूटर घातली, की कुणी पुढून हँडल धरून ठेवल्यासारखं वाटतं ना? हळू गेलं तर विशेष जाणवत नाही. वेगात घुसलं तर गाडी एकदम दबते. कारण चाकाला समोरचं पाणी ढकलून वाट काढावी लागते आणि वेग वाढला की हे काम सरळ पटीत वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर अडवणारा जोर चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट. स्लशचंही हेच गणित.

आता हे विमानाला लावू. सुरुवातीला विमान हळू असतं, इंजिनाच्या ताकदीतली बरीचशी शिल्लक असते, स्लशचा विरोध नगण्य. म्हणून पहिला किलोमीटर सगळं ठीक वाटतं. जसजसा वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो आणि इंजिनाकडे शिल्लक ताकद कमी कमी होते. नेमक्या त्याच वेळी स्लशचा विरोध झपाट्याने चढत असतो. एक वेग असा येतो, की हे दोन आकडे समान होतात. काटा तिथेच अडतो. त्यापुढे स्लश जरा अधिक लागला, की विमान हळू व्हायला लागतं, इंजिन कितीही ओरडत असलं तरी.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. चाकांनी उडवलेला स्लश फवाऱ्यासारखा विमानाच्या पोटावर आणि मागच्या चाकांवर आदळतो, तोही ब्रेकच. दुसरं म्हणजे अँबॅसडरच्या नाकाखाली चाकं होती. सायकलचा ब्रेक दाबला की पुढचं चाक खाली दबतं, तसंच चाकं स्लशमध्ये अडली की विमानाचं नाक खाली दबतं आणि पुढची चाकं आणखी खोल रुततात. जुन्या विमानांना नाकाखाली चाकच नसायचं. एक चाक शेपटाखाली असायचं. वैमानिकांच्या पिढ्या त्या विमानांवर घडल्या होत्या आणि स्लशचा एवढा धाक त्यांना कुणी शिकवलेला नव्हता.

मग पहिल्या दोन प्रयत्नांत विमान का अडलं नाही? ते लवकर सोडून दिले होते. धावपट्टीचा सुरुवातीचा भाग त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांनी तुडवलेला होता, तिथला स्लश बाजूला झालेला. शेवटचा टप्पा मात्र कुणीच वापरला नव्हता. तिथे स्लश जसाच्या तसा पसरलेला. तिसऱ्या प्रयत्नात थ्रॉटल हळू उघडल्यामुळे विमानाने जास्त अंतर घेतलं आणि नेमकं सगळ्यात जास्त वेगात असताना ते त्या न तुडवलेल्या पट्ट्यात शिरलं. थर काही गुडघाभर नव्हता, सेंटिमीटरमध्ये मोजावा इतकाच. पण त्या वेगाला तेवढा पुरला.

गेलेले आणि राहिलेले

कप्तान रॉजर बर्न दोन दिवसांनी, वुल्व्हरहॅम्प्टनच्या सामन्याच्याच दिवशी, २९ वर्षांचा होणार होता. तो जागीच गेला. त्याच्यासोबत एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, बिली व्हेलन आणि जेफ बेंट. बेंट तर बर्नला दुखापत असली तर हाताशी माणूस असावा म्हणून ऐनवेळी आलेला. बेलग्रेडला त्याने चेंडूला पायही लावला नव्हता. क्लबचे सेक्रेटरी वॉल्टर क्रिकमर, ट्रेनर टॉम करी, प्रशिक्षक बर्ट व्हॅली गेले. आठ पत्रकार गेले. त्यांच्यात फ्रँक स्विफ्ट होता, एके काळचा इंग्लंडचा आणि त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीचा गोलकीपर. सिटीने १९३४ साली एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला तेव्हा बस्बी आणि स्विफ्ट एकाच संघात होते.

गोलकीपर हॅरी ग्रेग शुद्धीवर आला, फटीतून बाहेर पडला आणि पुन्हा आत शिरला. आत लहान मुलीचा आवाज येत होता. त्याने तिला बाहेर काढलं, मग तिच्या गरोदर आईला. चार्ल्टन आणि व्हायोलेट यांना कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत दूर नेलं. नंतर लोक त्याला हीरो म्हणत तेव्हा त्याला ते आवडत नसे.

डंकन एडवर्ड्स म्युनिकच्या रेख्ट्स डेर इझार रुग्णालयात १५ दिवस झुंजला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, त्याच्यासाठी दुसऱ्या शहरातून कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र आणलं. सहायक मॅनेजर जिमी मर्फी भेटायला गेले तेव्हा त्याने वुल्व्हरहॅम्प्टनचा सामना किती वाजता आहे ते विचारलं. २१ फेब्रुवारीला तो गेला. तोवर आशा धरून बसलेल्या मँचेस्टरला हा दुसरा धक्का होता. कॅप्टन रेमेंट मार्चमध्ये गेला. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचले, पण पुन्हा कधी खेळले नाहीत.

बस्बींसाठी धर्मगुरूंनी दोनदा अखेरची प्रार्थना म्हटली. ते दोन्ही वेळा परत आले.

मर्फी बेलग्रेडला गेले नव्हते. ते वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही मॅनेजर होते आणि त्याच बुधवारी कार्डिफला वेल्सचा इस्रायलशी वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना होता. क्लब चालवायची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. १९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेविरुद्ध एफए कपचा सामना झाला. प्रेक्षकांना वाटलेल्या पत्रिकेत युनायटेडच्या बाजूला ११ जागा कोऱ्या सोडलेल्या होत्या, कारण छापायला दिली तेव्हा संघच ठरलेला नव्हता. नावं ऐकून लोकांनी ती स्वतःच्या हाताने लिहायची. स्टॅन क्राउथर या खेळाडूचा करार सामन्याच्या तासाभर आधी झाला. सुमारे ६० हजार लोक आले. अपघातातून वाचलेले बिल फोक्स आणि ग्रेग तेरा दिवसांनी मैदानात उतरले. युनायटेड ३-० ने जिंकलं. त्या कोऱ्या पत्रिकांपैकी एखाद्या प्रतीचा फोटो मिळाला तर जरूर पाहा. थरथरत्या पेन्सिलीने लिहिलेली नावं दिसतात.

तो संघ पडत-झडत एफए कपच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि बोल्टनकडून २-० ने हरला. युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत मिलानला घरी २-१ ने हरवलं, परतीच्या सामन्यात ०-४ मार खाल्ला. बस्बींनी हळूहळू नवा संघ उभा केला. २९ मे १९६८ ला वेम्ब्लीवर बेनफिकाला ४-१ ने हरवून युनायटेडने युरोपियन कप जिंकला. चार्ल्टनने दोन गोल केले. बचावात फोक्स होता.

कॅप्टन थेनची ११ वर्षं

थेन अपघातातून जवळजवळ सहीसलामत बाहेर आला होता. अवशेषांभोवती छोट्या आगी लागल्या होत्या, त्या विझवायला तो हातात अग्निशामक घेऊन धावला. त्याची खरी शिक्षा नंतर सुरू झाली.

पश्चिम जर्मनीच्या चौकशी समितीचे प्रमुख घटनास्थळी पोहोचले तोवर काही तास उलटले होते. मधल्या वेळात बर्फ पडतच होता. पंखावरचा ताजा बर्फ बाजूला केल्यावर खाली गोठलेला थर सापडला. त्यावरून निष्कर्ष निघाला, की उड्डाणाच्या वेळीच पंखांवर बर्फ होता. पंखावर बर्फ साठला की त्याचा आकार बिघडतो आणि तो विमानाला उचलू शकत नाही, हे शास्त्र म्हणून खरंच आहे. म्युनिकला थेन आणि रेमेंटने खिडकीतून पंख पाहिले होते, बर्फ वितळून वाहताना दिसला, म्हणून पंख झाडून घ्यायची गरज नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तो निर्णय आता त्यांच्या गळ्याशी आला.

आणि एक फोटो होता. उड्डाणाच्या थोडं आधी काढलेला. त्यात पंखांचा वरचा भाग पांढरा दिसत होता. बर्फाचा पुरावा म्हणून तो पुढे आला. पुढे मूळ निगेटिव्ह तपासली तेव्हा कळलं, की तो पांढरेपणा बर्फाचा नव्हता. ओल्या पंखावरून परावर्तित झालेला उजेड होता. प्रतींच्या प्रती काढताना बारकावे पुसले गेले होते.

या वादात एक गोष्ट उघड होती आणि ती समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. बर्फ पंखावर असेल तर जबाबदारी वैमानिकाची. धावपट्टीवर असेल तर ती साफ न करणाऱ्या विमानतळाची. एकाच बर्फाचे दोन पत्ते आणि प्रत्येक पत्त्यावर राहणारा गुन्हेगार वेगळा. १९५९ मध्ये जर्मन समितीने पंखाचा पत्ता धरला. १९६० च्या अखेरीस थेनची नोकरी गेली. त्यात खुर्चीचा मुद्दाही आला: प्रमुख वैमानिक असून तो उजव्या बाजूला बसला होता, हे कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. अपघाताशी या मुद्द्याचा काडीचा संबंध नव्हता.

त्याचं एक कोंबड्यांचं फार्म होतं, तिथे तो राबू लागला. उरलेल्या वेळात कागद जमवायचा, पत्रं लिहायची, जाणकारांना भेटायचं. तो वेग कसा घसरला ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काट्यावर पाहिलं होतं. पंखावर बर्फ असता तर विमान उचललं गेलं नसतं, पण धावताना वेग का घटला असता? त्याचा प्रश्न एवढाच होता आणि मला तो अतिशय प्रामाणिक प्रश्न वाटतो.

उत्तर दुसरीकडून आलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि अमेरिकेत धावपट्टीवर मुद्दाम स्लश पसरून त्यातून विमानं पळवण्यात आली आणि तो किती अडवतो ते मोजण्यात आलं. आकडे कुणाला वाटले होते त्याहून मोठे निघाले. तरीही १९६५-६६ मध्ये जर्मनीत चौकशी पुन्हा उघडली तेव्हा स्लशचा वाटा मान्य झाला, पण पंखावरचा बर्फ हे कारण कायम राहिलं. शेवटी ब्रिटनमध्ये एडवर्ड फे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. युनायटेडने कप जिंकला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्याचं काम झालं आणि १९६९ मध्ये अहवाल आला: अपघाताचं कारण धावपट्टीवरचा स्लश. कॅप्टन थेनवर दोष ठेवता येत नाही.

निर्दोष ठरला, पण वैमानिक म्हणून तो परत नोकरीवर गेला नाही. १९७५ मध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ५३.

६ फेब्रुवारीला नावं वाचली जातात ती २३ जणांची आणि ते योग्यच आहे. पण हा दिवस नीट समजून घ्यायचा तर थेनचं नावही त्याच दमात यायला हवं, असं मी मानतो. २००८ साली, ५० वर्षं झाली तेव्हा, युनायटेड आणि सिटी यांचा सामना ओल्ड ट्रॅफर्डला होता. दोन्ही संघ जाहिरातींशिवायचे साधे शर्ट घालून उतरले, युनायटेडचे तर १९५८ च्या धाटणीचे, पाठीवर फक्त १ ते ११ आकडे. सिटीचे पाठीराखे शांतता पाळतील का, अशी धास्ती होती. त्यांनी एक आवाज केला नाही. त्यांचाही स्विफ्ट त्या विमानात होता. म्युनिकमध्ये अपघाताच्या जागेजवळच्या चौकाला त्याच वर्षी 'मँचेस्टरप्लाट्झ' नाव दिलं गेलं.

हॅरी ग्रेग २०२० च्या फेब्रुवारीत गेला. बॉबी चार्ल्टन ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्या विमानातून वाचलेल्या खेळाडूंपैकी तो शेवटचा होता. २०२४ पासून त्या घड्याळाखाली जमणाऱ्यांत 'मी तिथे होतो' म्हणू शकेल असा एकही खेळाडू नाही.

धावपट्टीच्या बाजूने मात्र तो दिवस रोज पाळला जातो. स्लश किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. बहुतेक जेट विमानांसाठी साधारण १३ मिलिमीटरच्या वर थर असेल तर उड्डाण नाही. बर्फ पडणाऱ्या विमानतळांवर हिवाळ्यात एक गाडी धावपट्टीवर फिरते, माणूस उतरतो, थर तपासतो, जाडी मिलिमीटरमध्ये टिपतो. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच पद्धत लागू झाली. धावपट्टीचे तीन समान भाग धरायचे आणि प्रत्येक भागाची स्थिती वैमानिकाला वेगवेगळी कळवायची. पहिला भाग, मधला भाग, आणि अजून ज्यावरून कुणी गेलेलं नसेल तो शेवटचा.